जुने पंखे काढून डीसी पंखे बसवण्याबाबत : सोलापूरकरांचे अनुभव हवे आहेत

सातरस्ता
१६ फेब्रुवारी

नमस्कार. आमचे घर सात रस्त्याजवळ असून ते १९८९ साली बांधलेले आहे. घरात छताचे पाच पंखे आहेत आणि त्यांपैकी तीन घराइतकेच जुने आहेत. दोन्ही झोपण्याच्या खोल्यांत तांब्याच्या चोकच्या जुन्या ट्यूब अजून चालू आहेत. यंदा उन्हाळा सुरू होण्याआधी या दोन खोल्यांतील पंखे आणि दिवे बदलावेत असा विचार आहे. दुकानदार सरसकट पाचही पंखे डीसी घ्यायला सांगतो, तर शेजारचे गृहस्थ म्हणतात की जुन्या पंख्यासारखा वारा कोणत्याही नव्या पंख्याला येत नाही.

दोघांचे ऐकण्यापूर्वी मी एक गोष्ट करून पाहिली. आमच्या मीटरवर एका युनिटामागे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो असे छापलेले आहे. रात्री फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर असे सर्व काही बंद करून फक्त आईच्या खोलीतील पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवला आणि घड्याळ लावून मोजले. पाच मिनिटांत दिवा २१ वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला २५२ वेळा, म्हणजेच पंखा साधारण ७९ वॉट वीज घेतो. नंतर पंखा बंद करून फक्त ट्यूब लावली, तेव्हा पाच मिनिटांत १४ वेळा लुकलुकला, म्हणजे ४० वॉटची म्हणून घेतलेली ट्यूब चोकसह ५२ वॉटच्या आसपास वीज खाते.

आईचे वय ८१ आहे. दुपारचे दोन-तीन तास सोडले तर ती त्याच खोलीत असते आणि मार्चपासून पुढे तिथला पंखा जवळजवळ बंद होतच नाही. माझे प्रश्न असे आहेत : पाचही पंखे बदलणे योग्य ठरेल का, संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा हे पंखे कसे चालतात, आणि बिघडल्यास आपल्या गावात दुरुस्ती होते का?


वायरमन_शेळगी
१६ फेब्रुवारी

मी बावीस वर्षे वायरिंगचे काम करतो. आपण मीटरवर मोजून पाहिले हे फार चांगले केले, कारण ग्राहक सहसा पंख्याच्या खोक्यावरचा आकडा पाहतो आणि घरातला जुना पंखा किती वीज घेतो हे त्याला ठाऊकच नसते.

आधी नावाबद्दलचा गैरसमज दूर करतो. डीसी पंखा म्हटले की अनेकांना वाटते, त्याला बॅटरी किंवा सोलरची वेगळी वायर लागते. तसे नाही. तो आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या नेहमीच्या वायरवरच चालतो. त्याच्या आत एक सर्किट बोर्ड असतो, तो एसीचे डीसी करतो आणि मोटरच्या वाइंडिंगला ठरावीक क्रमाने वीज देतो. फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात. जुन्या इंडक्शन पंख्यात फिरणाऱ्या भागातही वीज खेचून चुंबकत्व निर्माण करावे लागते आणि त्यात बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. जुना पंखा तासभर चालल्यावर मधली वाटी हाताला गरम लागते, ती हीच उष्णता. डीसी पंख्यालाच बाजारात बीएलडीसी म्हणतात.

दुकानदाराचा सल्ला मात्र मला मान्य नाही. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून आपला काहीही फायदा होणार नाही. जो पंखा सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी बदला, मग त्याच्या खालोखालचा, आणि जिथे दिवसाला दोन तासही पंखा चालत नाही तिथे थांबा.

रेग्युलेटरबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी इथूनच सुरू होतात. डीसी पंख्याचा वेग आतला बोर्ड ठरवतो, त्यामुळे भिंतीवरचा जुना रेग्युलेटर त्या वायरीतून पूर्णपणे काढून टाकावा लागतो. 'रेग्युलेटर पाचवर ठेवून द्या, काही होत नाही' असे सांगणारे भेटतात. पण घरातले लहान मूल किंवा पाहुणा कधीतरी तो फिरवतोच, मग पंखा गचके खातो, गुणगुणतो आणि काही दिवसांत बोर्ड जातो. रेग्युलेटर काढून दोन्ही टोके थेट जोडावीत आणि त्या जागी कोरी पट्टी बसवावी. त्याच वेळी बटण फेजवर (वीज आणणाऱ्या वायरवर) आहे की न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर), हेही टेस्टरने पाहून घ्यावे. १९८९ सालच्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असलेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. तसे असेल तर बटण बंद केल्यानंतरही पंख्यात फेज राहतो आणि पंखा पुसणाऱ्याला झटका बसू शकतो.


आकडेमोड
१७ फेब्रुवारी

वायरमनसाहेबांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार देतो. जुना पंखा ७५ वॉट आणि डीसी पंखा ३० वॉट धरला तर ४५ वॉटचा फरक पडतो. आईंच्या खोलीतला पंखा दिवसाला १४ तास आणि वर्षातले ३०० दिवस चालतो असे मानले, तर वर्षाला १८९ युनिट वाचतात. युनिटला सर्व आकार धरून १० रुपये पडतात असे समजले तरी १,८९० रुपये होतात. पंखा २,८०० रुपयांना मिळाला तर दीड वर्षात पैसे वसूल झाले. आता पाहुण्यांच्या खोलीतला पंखा घ्या. तो दिवसाला सरासरी एक तास चालतो. त्यात वर्षाला साडेतेरा युनिट, म्हणजे १३५ रुपये वाचतील. तोच २,८०० रुपयांचा पंखा तिथे बसवला तर खर्च भरून यायला वीस वर्षांहून अधिक काळ लागेल. पंखा तोच, घर तेच, फक्त तास वेगळे.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त दर आणि ३०० च्या पुढे आणखी जास्त दर असतो. वाचलेली युनिटे नेहमी वरच्या टोकाची असतात. एप्रिल-मे महिन्यांत ज्याचे बिल ३४० युनिटांचे येते, त्याने रोज १४ तास चालणारे तीन पंखे बदलले, तर महिन्याला सुमारे ५७ युनिटे कमी होऊन तो २८३ वर येतो. म्हणजे सर्वांत महाग युनिटेच कमी झाली.

पंखा घेताना तारांकित लेबल अवश्य वाचावे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर बीईईचे (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) लेबल सक्तीचे झाले आहे. पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलतो, त्याला वॉटने भागले की जो आकडा येतो त्यावर तारे ठरतात. २०२३ च्या कोष्टकानुसार १२०० मिलिमीटरच्या पंख्यासाठी तो आकडा ६ किंवा अधिक असेल तर पाच तारे मिळत. या आकाराच्या पंख्याने मिनिटाला किमान २१० घनमीटर हवा दिली पाहिजे असे मानक आहे. आपले शेजारी जे म्हणतात त्यात तथ्य एवढेच आहे की काही डीसी पंखे जेमतेम २१० वरच थांबतात आणि काही २३० च्या पुढे जातात. म्हणून केवळ वॉट पाहून पंखा घेऊ नये, हवेचा आकडाही पाहावा. तसेच आज दुकानात मिळणारा एक ताऱ्याचा नवा साधा पंखाही ५० ते ५२ वॉटचाच असतो. तुलना करताना जुन्या ७९ वॉटशी करायची की नव्या ५२ वॉटशी, हे आधी ठरवले पाहिजे. चालू पंखा काढायचा असेल तर पहिली तुलना बरोबर आहे, आणि पंखा जळालाच असेल तर दुसरी.


जुळे_सोलापूर
१७ फेब्रुवारी

आम्ही गेल्या वर्षी फेब्रुवारीत तीन डीसी पंखे बसवले. बिलातला फरक वरच्या प्रतिसादात आलाच आहे. मला रोजच्या वापराबद्दल सांगायचे आहे, कारण आमच्या सासूबाईंना सुरुवातीचे दोन महिने त्या पंख्याचा फार त्रास झाला.

त्यांची दृष्टी अधू आहे आणि रिमोटवरची बटणे सारखीच दिसतात. रात्री थंडी वाजली की त्यांना आम्हाला हाक मारावी लागत असे, आणि हाक मारायची नाही म्हणून त्या तशाच कुडकुडत झोपत, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले. शिवाय रिमोट उशीखाली, गादीच्या फटीत, पांघरुणाच्या घडीत हरवत असे. शेवटी त्यांच्या खोलीतला पंखा आम्ही हॉलमध्ये लावला आणि त्यांच्यासाठी भिंतीवरच्या गोल खटक्याने चालणारा डीसी पंखा आणला. त्या पंख्यासोबत कंपनीचा स्वतःचा खटका मिळतो, तो दिसायला जुन्या रेग्युलेटरसारखाच असतो आणि एक ते पाच आकड्यांवर फिरतो. आता त्या स्वतः वेग कमी-जास्त करतात. घरात वयस्क माणूस असेल तर दुकानात जाऊन आधी हीच चौकशी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलांच्या खोलीत मात्र रिमोटचा उपयोग झाला. चार तासांनी पंखा आपोआप बंद होण्याची सोय जानेवारीतल्या थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, फार बरी पडते. लाइट जाऊन परत आल्यावर पंखा आधीच्याच वेगाने सुरू होतो की बंद राहतो, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. तेही विचारून घ्यावे.


पूर्वभागकर
१८ फेब्रुवारी

मी अशोक चौकाच्या पुढे राहतो. आमच्या गल्लीत घराघरात नाहीतर शेजारी यंत्रमाग चालतात आणि आम्ही लाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला आहोत. मे महिन्यात संध्याकाळी सात ते दहा या वेळेत व्होल्टेज १८० च्या खाली जाते. जुना पंखा त्या वेळी पाती मोजता येतील इतका हळू फिरत असे, आणि नेमकी तीच वेळ अशी असते की दिवसभर तापलेला स्लॅब खोलीत आग ओकत असतो. डीसी पंखा त्याच व्होल्टेजवर पूर्ण वेगाने फिरतो. वीज वाचली नसती तरी केवळ या एका कारणासाठी मी तो घेतला असता.

तरीही माझा एक वाईट अनुभव नोंदवतो. गेल्या मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस वाऱ्यासह आला आणि खांबावरचा न्यूट्रल सुटला. काही क्षण घरात भलतेच जास्त व्होल्टेज आले. दोन डीसी पंखे, एक मोबाइलचा चार्जर आणि एलईडीची एक पट्टी एकदम गेली. त्याच खोलीतल्या जुन्या पंख्याला मात्र काहीही झाले नाही. वॉरंटी होती, त्यामुळे बोर्ड फुकट मिळाला, पण कंपनीचा माणूस यायला आणि सुटा भाग पोहोचायला १८ दिवस लागले. ते १८ दिवस घरातल्या लहान मुलीला घेऊन आम्ही गच्चीवर झोपलो. जुना पंखा जळाला तर दुसऱ्या दिवशी वाइंडिंग करून मिळतो, कंडेन्सर तर दहा मिनिटांत बदलतो. हा फरक विसरू नका. घरातला एक तरी चालू जुना पंखा ठेवा.


वायरमन_शेळगी
१८ फेब्रुवारी

पूर्वभागकर यांच्या अनुभवाशी मी पूर्णपणे सहमत आहे. वाढीव व्होल्टेज हा या पंख्यांचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कमी व्होल्टेज नव्हे. मेन बोर्डवर विजेचा अचानक येणारा लोट जमिनीत उतरवणारे सर्ज संरक्षण बसवता येते. मात्र त्यासाठी अर्थिंग नीट असले पाहिजे, आणि जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी सुकते की त्या खड्ड्यात महिन्यातून दोनदा बादलीभर पाणी घातलेच पाहिजे. आणि मीटरपासून मेन बोर्डापर्यंत न्यूट्रलचे सर्व जोड पावसाळ्याआधी आवळून घ्यावेत. खांबावरचा न्यूट्रल सुटला तर सर्ज संरक्षण पुरत नाही. त्यासाठी जास्त व्होल्टेज आल्यावर घराची लाइन तोडणारे वेगळे उपकरण मिळते, तेही अशा गल्लीत बसवावे.

सातरस्ता यांना आणखी एक सुचवतो. हॉलमधला पंखा केवळ हळू फिरतो म्हणून बदलणार असाल तर आधी कंडेन्सर बदलून पाहा. वर्षानुवर्षे चालून त्याची क्षमता उतरते आणि पंखा मंदावतो. ते काम अगदी थोड्या पैशांत होते. त्याने वीज वाचणार नाही, पण वारा परत येईल.

हुकाकडेही लक्ष द्या. पस्तीस वर्षांच्या स्लॅबमधला हूक गंजून बारीक झालेला असू शकतो. नव्या पंख्याचे वजन जुन्यापेक्षा जास्त नसते, पण पंखा उतरवलेलाच आहे तर हूक खरवडून पाहावा, रबरी बुश नवा घालावा आणि बोल्टला कॉटर पिन आठवणीने लावावी. पाती जमिनीपासून साडेसात फुटांहून जास्त वर आणि छतापासून साधारण एक फूट खाली असावीत. छताला फार चिकटवून लावलेल्या पंख्याला वरून हवा मिळत नाही आणि मग लोक पंख्यालाच दोष देतात.


माळवद
१९ फेब्रुवारी

आमचा वाडा जुन्या पेठेतला, माळवदाचा आहे. छत आठ फुटांवर आणि हूक तुळईत. तिथे सोबत आलेला रॉड चालला नाही, आखूड रॉड वेगळा मागवावा लागला आणि तो दुकानदाराकडे नव्हता. जुने घर असणाऱ्यांनी पंखा आणण्याआधी उंची मोजावी.


रेनगर
१९ फेब्रुवारी

आम्ही कुंभारीच्या रे नगरमध्ये राहतो. घर लहान आहे, त्यामुळे स्वयंपाक, विड्या वळणे, मुलांचा अभ्यास आणि झोपणे सगळे एकाच पंख्याखाली होते. तो दिवसाला वीस तास चालतो. महिन्याला आमची ७० ते ८० युनिटे होतात. आमच्यासारख्यांना परवडेल का?


आकडेमोड
१९ फेब्रुवारी

आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. वीस तासांना दिवसाला ०.९ युनिट, म्हणजे महिन्याला २७ युनिटे वाचतील. ७५ युनिटांचे बिल ५० च्या खाली येईल, ही बचत प्रमाणात पाहिली तर या धाग्यावरच्या कोणाहीपेक्षा जास्त आहे. मात्र पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असल्यामुळे रुपयांत ती तेवढी मोठी दिसणार नाही आणि पंख्याची किंमत निघायला दहा-अकरा महिन्यांऐवजी थोडे अधिक महिने लागतील. तरीही माझ्या मते आपण पंखा घ्यावा, कारण तो रिकामा फिरत नाही. सणासुदीच्या वेळी सवलत असते, तेव्हा घेणे सोयीचे होईल. एकच पंखा असल्याने काढलेला जुना पंखा मात्र भंगारात देऊ नका, पूर्वभागकर यांनी सांगितलेली वेळ आली तर तोच कामी येईल.


सातरस्ता
२० फेब्रुवारी

सर्वांचा मनापासून आभारी आहे. इन्व्हर्टरचा विचार माझ्या मनात आला नव्हता, तो आता आला. आमच्याकडे १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी आहे, तिच्यावर पंखे किती वेळ चालतील? दिव्यांचेही कोणी सांगावे. आईचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले आहे आणि तिला दिव्याकडे पाहिले की डोळे दिपतात.


वायरमन_शेळगी
२१ फेब्रुवारी

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. बॅटरी जुनी झालेली असते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज जाते, म्हणून प्रत्यक्षात १,२०० धरा. चार जुने पंखे ३०० वॉट घेतात, तर चार तास चालतील. चार डीसी पंखे १२० वॉट घेतात, तर दहा तास चालतील. रात्री अकराला गेलेली लाइट सकाळी आली तरी झोपमोड होत नाही. साध्या इन्व्हर्टरवर जुना पंखा जो घूं घूं आवाज करतो, तोही डीसी पंख्याला सहसा येत नाही.

दिव्यांबद्दल. ५२ वॉटच्या ट्यूबच्या जागी २० वॉटची एलईडी पट्टी पुरते. पण ट्यूब दिवसाला पाच तासच लागत असेल तर वर्षाला ५८ युनिटे वाचतील, म्हणजे पंख्याच्या एक तृतीयांशहूनही कमी. म्हणून पैसे मोजके असतील तर आधी पंखा. आईंच्या खोलीत दुधी आवरणाची पट्टी घ्या, उघड्या दाण्यांची नको. रंग ३,००० केल्विनच्या आसपासचा, पिवळसर निवडा. ६,५०० केल्विनचा पांढरा फटफटीत उजेड स्वयंपाकघरात ठीक आहे, झोपण्याच्या खोलीत नाही.

जागा मात्र काळजीपूर्वक ठरवा. दिवा पात्यांच्या पातळीच्या वर असेल तर पंखा फिरताना भिंतीवर आणि पलंगावर सावल्या लपलपतात. छतात पंख्याभोवती गोल दिवे बसवणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो आणि शस्त्रकर्म झालेल्या डोळ्यांना तो असह्य होतो. दहा फूट उंचीच्या खोलीत पाती पावणेनऊ फुटांच्या आसपास येतात, तेव्हा पट्टी भिंतीवर साडेसात ते आठ फुटांवर, आईंच्या उशाच्या मागच्या बाजूला लावा. बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहिली तर बटण न्यूट्रलवर आहे किंवा बटणात छोटा दर्शक दिवा आहे असे समजा.


सातरस्ता
११ मे

तीन महिन्यांनी परत लिहितो आहे. दोन पंखे आणि दोन पट्ट्या बदलल्या. आईच्या खोलीत भिंतीवरच्या खटक्याचा पंखा लावला, त्याबद्दल जुळे सोलापूर यांचे विशेष आभार. मीटरवर पुन्हा मोजले, पूर्ण वेगाला पाच मिनिटांत आठच वेळा लुकलुकला, म्हणजे ३० वॉट. तिसऱ्या आकड्यावर तर पाच मिनिटांत तीनदा. रात्री आई तिसऱ्यावरच ठेवते.

वायरमनसाहेबांची शंका खरी ठरली. तिच्या खोलीतले बटण न्यूट्रलवरच होते आणि आम्ही पस्तीस वर्षे स्टुलावर चढून त्याच पंख्याची धूळ पुसत होतो. ते आता फेजवर घेतले आहे. हूक चांगला निघाला, बुश मात्र भुगा झालेला होता.

गेल्या आठवड्यात पारा ४३ अंशांवर होता. भर दुपारी डीसी पंखाही गरम हवाच अंगावर आणतो, पंखा हवा थंड करत नाही, तेव्हा कूलर लागतोच. पण दिवे लागल्यानंतर, व्होल्टेज उतरलेले असताना, त्या खोलीत आता बसवते. हॉलच्या पंख्याचा फक्त कंडेन्सर बदलला. पाहुण्यांच्या खोलीला हात लावला नाही. काढलेल्या दोन पंख्यांपैकी एक भंगारात दिला आणि दुसऱ्याचे बेअरिंग बदलून, रॉड, वाट्या आणि जुना रेग्युलेटर यांसह माळ्यावर ठेवला आहे.


वायरमन_शेळगी
११ मे

त्याच खोक्यात एक नवा कंडेन्सर ठेवा आणि वर मार्करने खोलीचे नाव लिहा. रेग्युलेटरच्या जागच्या कोऱ्या पट्टीमागे वायरची टोके कशी जोडली आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे रात्री कोणताही वायरमन आला तरी पंखा अर्ध्या तासात चढेल.